मागे सरलेल्या बाईच्या लेकी

मांजरी, पुणे
२३ जुलै २००२

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

परवा फोनवर मी घसा बसेपर्यंत बोलले आणि तू शेवटी म्हणालीस, "आता हेच सगळं पत्रात लिही, मला ‘हॅलो’च्या पुढे काही ऐकू आलं नाही." कानाची मशीन कपाटात ठेवण्यासाठी घेतली होतीस का? असो. लिहिते.

एक मागणं आहे. माझ्या सुमेधला वर्षभर नागपूरला तुझ्याकडे ठेवशील?

दचकू नकोस. कारण साधं आहे. माझी रजा संपत आली. कंपनीत मंदी आहे, निम्मी माणसं बेंचवर आहेत, म्हणजे पगार चालू आणि काम बंद. कुणाला कधी घरी पाठवतील नेम नाही. त्यात मला ट्रेनिंगला बंगलोरला जा म्हणताहेत. नाही म्हटलं तर टेस्टिंगला दुसरी पोरगी मिळेल त्यांना. प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारे पुण्यात पैशाला पासरी झालेत. सासूबाई अकोल्याला परत गेल्या. त्यांचे गुडघे आणि आमचा पाचवा मजला यांचं जमत नाही, आणि लिफ्ट अजून बिल्डरच्या बोलण्यातच आहे.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. बाबा नोकरीवर, आणि मला वाढवलंस तू, कॉलेजात बेडूक फाडायला शिकवून घरी येऊन. मी काही बिघडले नाही ना? मग सुमेधही बिघडणार नाही.

बाकी ठीक. गॅलरीखाली सगळा ऊस आहे आणि तो आता हिरवागार झालाय, असं सौरभ सांगतो. मी तिकडे फारशी जात नाही. कपडे वाळत घालणं, काढणं, सगळं त्याच्याकडे. विळी आणि सुऱ्या मी माळ्यावर टाकल्यात, त्यामुळे सध्या हातानं मोडता येईल तेवढीच भाजी: पालक, मेथी, गवार. सौरभ म्हणतो, आणखी महिनाभर असंच चाललं तर तो बें-बें करायला लागेल.

लवकर कळव. ऑगस्टमध्येच पाठवता आलं तर फार बरं.

तुझी,
पूर्वा

*

नागपूर
१ ऑगस्ट २००२

चि. पूर्वास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. चार महिन्यांचं पोर पाठवते म्हणतेस आणि वर विळीच्या गोष्टी सांगतेस! पण मी आनंदानं तयार आहे. आजच मागची खोली रिकामी करायला घेतली. तिथे पस्तीस वर्षांची पेपरांची रद्दी आणि एक सांगाडा आहे. सांगाडा माकडाचा आहे, सुमेधला घाबरवणार नाही.

तुझ्या अक्षरावरून दिसतं की तुला अपराधी वाटतंय. ते मनातून काढून टाक. मी निवृत्त झाले तरी प्राणिशास्त्र निवृत्त झालेलं नाही, तेव्हा ऐक. चिंपांझीची आई आपलं पिल्लू कितीतरी महिने दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. माणसाची आई बाळंत होते आणि तासाभरात पोर मावशी, काकू, शेजारीण अशा चार जणींच्या मांडीवर फिरून येतं. आपलं मूल इतकं दुबळं जन्मतं आणि इतकी वर्षं दुबळं राहतं की एकट्या बाईला ते जगवणं कधी शक्यच नव्हतं. लाखो वर्षं त्याला अनेक हातांनी वाढवलं. बाळ अनोळखी माणसाकडे बघूनही हसतं ते उगाच नाही; जितक्या जणांना जिंकता येईल तितकं बरं. आणि जी आई मदत मागायला लाजली नाही, तिची पोरं जगली. पाचव्या मजल्यावर दार लावून एकटीनं मूल वाढवणं ही काल-परवाची टूम आहे. तू मदत मागितलीस, यात नवल ते काय?

अट एकच. त्याला घेऊन तू स्वतः ये आणि पंधरा दिवस राहा. त्याला माझा वास, माझा आवाज ओळखीचा होऊ दे, मग जा. लेकरू एकाएकी आईपासून तुटलं तर त्याला ‘ट्रेनिंग’ समजत नाही. त्याला फक्त आई दिसत नाही एवढंच समजतं.

सौरभला जयभीम. त्याला म्हणावं, विळी खाली काढ.

तुझी,
प्रेमलाआत्या

*

मांजरी
११ ऑगस्ट २००२

प्रिय आत्या,

तू हो म्हणालीस, सुटले.

पण मी येणार नाही. सौरभ त्याला घेऊन येईल. मी आले की तो मलाच चिकटणार, मग तुला जड जाईल. पंधरा दिवसांची अट काढून टाक ना. सौरभला फक्त दोन दिवसांची सुट्टी मिळेल, तेवढी पुरे.

इथे शेजारी श्यामलाकाकू आहेत, जन्मापासून शनिवार पेठेत राहिलेल्या आणि मुलानं इथे आणून टाकलं म्हणून आजवर रुसलेल्या. त्या परवा म्हणाल्या, "मूल तुमचंच आहे ना? मग असं लोकाचं भांडं धरल्यासारखं काय धरता?" बोलतात तशा, पण सुमेधला सांभाळतात. सौरभ ऑफिसला गेला की मी बराच वेळ त्याला त्यांच्याकडेच देते.

एक विचारायचं होतं. सहजच. आमच्या जिन्याखाली मांजर व्यायली आणि तिनं त्यातली दोन पिल्लं खाल्ली. काकूंनी ‘शी’ म्हणून फिनेल ओतलं. मला तुझं आठवलं. तू सांगायचीस ना, की काही प्राणी आपलीच पिल्लं मारतात? ते का मारतात? आणि आपण त्यांच्यातूनच आलो असू, तर ते आपल्यातही उतरलं असेल का? म्हणजे एखाद्या चांगल्या घरातल्या, शिकलेल्या बाईतही?

बाबा म्हणायचे, मनात जे येतं तोच माणूस. हल्ली त्यांची फार आठवण येते.

उत्तर लवकर दे.

पूर्वा

*

नागपूर
२० ऑगस्ट २००२

चि. पूर्वा,

अगं, किती वर्षांनी मला कुणी असा प्रश्न विचारला! मी चहा थंड करून उत्तर लिहायला बसले आहे.

हो, मारतात. ससा मारतो, मांजर मारते, उंदीर तर सर्रास. आई भ्यालेली असेल, उपाशी असेल, जागा सुरक्षित वाटत नसेल, तर पिल्लं टाकून देते किंवा खाते. वानरांत बाहेरून आलेला नर टोळीचा ताबा घेतो आणि आधीच्या नराची पिल्लं मारतो. यात क्रूरता-बिरता काही नाही, निसर्गाला आपल्या शब्दकोशाशी देणंघेणं नाही.

माणसात उतरलं का? बाळ, माणूस काही आभाळातून पडलेला नाही. दुष्काळात, लढाईत, एकट्या पडलेल्या आयांनी पोरं टाकल्याच्या हकिगती जगभर आहेत, चांगल्या घरांतल्याही. मनाच्या तळघरात सगळं जुनं सामान तसंच पडून आहे. शिक्षणानं आपण फक्त वरच्या मजल्याला रंग दिला. हे मान्य करायला लोक घाबरतात, पण तू माझी भाची, तुला खरं तेच सांगणार.

मांजरीला दूध-भाकरी घाल आणि काकूंना म्हणावं, फिनेल आवरा. घाबरवलंत तर राहिलेलीही खाईल.

अट मात्र कायम आहे. तू येच.

तुझी,
आत्या

*

मांजरी
२ सप्टेंबर २००२

आदरणीय आत्या,
जयभीम.

मी कधी पत्र लिहीत नाही, पण आता लिहितोय. पूर्वाला सांगितलेलं नाही.

तुम्ही तिला काय लिहिलंत? तुमचं पत्र तिनं स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. मग सुमेधला उचलून काकूंकडे देऊन आली, आणि तेव्हापासून तिनं त्याला हात लावलेला नाही. दूध वाटीत काढून ठेवते. काकू चमच्यानं पाजतात. तो रडला की ही बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. एरवी काकूंची जीभ कशी चालते तुम्हाला तिनं लिहिलंच असेल, पण आता त्या एक शब्द बोलत नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

बंगलोरचं ट्रेनिंग वगैरे काही नाही. काल तिच्या ऑफिसमधून फोन आला होता. त्यांनी उलट तिची रजा डिसेंबरपर्यंत वाढवून दिली आहे. हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये तिनं मला गॅलरीला कुलूप लावायला लावलं, किल्ली माझ्याकडेच ठेव म्हणाली. मी लावलं. का, ते विचारलं नाही. सुऱ्या माळ्यावर गेल्या तेव्हाही विचारलं नाही. मला वाटलं, बाळंतपणानंतर बायका जरा चमत्कारिक वागतात, आपण गप्प राहावं. प्रोजेक्टची डेडलाइनपण होती. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

ती सुमेधला मारत नाही, त्याच्यावर ओरडतही नाही. त्याच्याकडे दुरून बघते आणि रडते. माझं डोकं चालत नाही. मी काय करू?

आपला,
सौरभ

*

नागपूर
७ सप्टेंबर २००२

माझी पूर्वा,

हे पत्र स्पीडपोस्टनं पाठवते आहे. सौरभला लिहिलंय, तू वाचून होईपर्यंत त्यानं घरातच थांबावं. त्याच्यावर रागावू नकोस, त्यानं मला सगळं कळवलं हे फार चांगलं केलं.

तुझी दोन्ही पत्रं मी आज पुन्हा वाचली. गॅलरी. विळी. लोकाचं भांडं. आणि ते ‘सहजच’. पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, आधी नीट बघा, मग बोला. आणि तू जीव मुठीत धरून विचारलंस, तर मी तुला वानरांवर व्याख्यान झोडलं. तू विचारत होतीस मांजरीबद्दल नाही, स्वतःबद्दल. खरं ना?

मी ओळखलंय ते लिहिते. चुकलं तर सांग. गॅलरीत सुमेधला घेऊन उभी असताना तुझ्या मनात आलं, हा हातातून सुटला तर? मी याला खाली टाकलं तर? भाजी चिरताना विळीकडे बघून आणखी भयंकर काही आलं. मग ते पुन्हा पुन्हा यायला लागलं. तू मनात म्हणालीस, मनात जे येतं तोच माणूस, म्हणजे मी ही अशी. आणि आपल्या घरात हे बोलायची सोयही नव्हती. देवऋषी, अंगात येणं, बाहेरची बाधा हे सगळं आपण छप्पन साली मागे टाकलं, ते उत्तमच केलं. पण त्यामुळे ‘माझ्यात काहीतरी शिरलंय’ असं म्हणायचीही वाट तुला उरली नाही. मग एकच उत्तर राहिलं, की मीच राक्षसीण.

बाळा, तुझा बाबा, माझा रतनदादा, बोलायचा ते हेतूबद्दल. आपण जे ठरवतो, जे मनापासून धरतो, त्याबद्दल. मनाच्या दारावरून जे जे जातं त्याबद्दल नव्हे. तो असता तर त्यानंच तुला हे सांगितलं असतं, माझ्यापेक्षा चांगलं.

मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं, उरलेलं अर्धं आज ऐक. तुझं काम काय? कुणी लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि तो कुठे कुठे मोडेल ते आधी कल्पून बघायचं. मोडावा म्हणून नाही, मोडू नये म्हणून. आईचं मन हेच काम फार जुन्या काळापासून करत आलं आहे. कड्याच्या तोंडाशी पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या बाईचा विचार कर. तिच्या मनात एकदम चित्र आलं, पोर पडलं. ती दचकली आणि दोन पावलं मागे सरली. तिच्या शेजारणीच्या मनात काहीच आलं नाही, ती तिथेच उभी राहिली. आपण त्या मागे सरलेल्या बाईच्या लेकी आहोत. शास्त्र म्हणून विचारशील तर यातलं बरंचसं अनुमान आहे, कड्यावर टिपण करायला कुणी बसलं नव्हतं. पण मला ते पटतं. मनाला खरं-खोटं सांगायचं नसतं, त्याला पोर जगवायचं असतं. म्हणून ते नको तिथेही ओरडतं. गल्लीतलं कुत्रं चोरावर भुंकतं तसं पोस्टमनवरही भुंकतं. चुकून दहादा भुंकलं तर बिघडत नाही, एकदा गप्प बसलं तर बिघडतं.

आणि तू किती मागे सरलीस बघ. गॅलरीला कुलूप घातलंस. विळी माळ्यावर टाकलीस. ज्याला क्षणभर सोडवत नाही त्याला स्वतःपासून वाचवायला थेट नागपूरला धाडायला निघालीस. पूर्वा, पोराला इजा करणारी आई असं वागत नाही.

पण मी बेडकांची मास्तरीण आहे, डॉक्टर नाही. बाळंतपणानंतर मन आजारीही पडतं आणि त्यातले सगळे आजार एकसारखे नसतात. हे कोणतं, ते पत्रावरून ठरवायचा शहाणपणा मी आता करणार नाही. मनाच्या डॉक्टरकडे जा, याच आठवड्यात. सौरभला बरोबर घे. जे मला लिहिलं नाहीस ते तिथे सगळं सांग, घाणेरडं वाटलं तरी. आणि जर कधी वाटलं की हा विचार नकोसा नाही, तर हवासा आहे, किंवा कुणीतरी तसं करायला सांगतंय, तर तासभरही थांबू नकोस.

मला आत्ता गाडीत बसावंसं वाटतंय. पण मी येऊन सुमेधला तुझ्यापासून उचललं, तर तुझी खात्रीच पटेल की तुझ्याजवळ त्याला धोका आहे. म्हणून आधी विचारते. तू ‘ये’ म्हणालीस की निघते. त्याला न्यायला नाही, तुझ्याजवळ राहायला.

तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मी तुला वाढवलंय, मला माहीत आहे.

आत्या

*

मांजरी
१९ ऑक्टोबर २००२

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, फक्त सौरभकडून ‘बरी आहे’ एवढाच फोन करवला. ते तुला ऐकू आलं की नाही कोण जाणे.

तुझं पत्र वाचून मी ते सौरभच्या हातात दिलं. तोंडानं सांगवेना. त्यानं वाचलं, घडी घातली आणि उठून उभा राहिला. मला वाटलं, संपलं, आता हा सुमेधला घेऊन निघून जाणार. तर म्हणाला, "मी त्याला बाईकवर का नेत नाही, माहितीये? तुला सांगितलं की धूळ लागते. पण एकदा पुलावर मनात आलं की हा माझ्या हातून सुटून ट्रकखाली गेला. पुढे चार दिवस मला तेच दिसत होतं. मी म्हटलं, हे काही सांगायचं असतं का!" एका घरात, एका गादीवर, मध्ये सुमेध आणि दोन्ही बाजूंना आम्ही दोघं, आपापलं पाप लपवून. मी इतकी हसले की रडायला लागले.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. सगळं ऐकून घेतलं, तोंड वाकडं केलं नाही. विचारलं, "हे मनात आलं की तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं, मरणाची भीती वाटते. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. माझ्याकडे अशा पुष्कळ आया येतात. न येणाऱ्या त्याहून जास्त असतील." गोळ्या चालू आहेत, दर आठवड्याला जायचं आहे. अंगावर पाजू शकते. विचारांशी भांडायचं नाही, त्यांना हाकलायचं नाही, येऊ द्यायचं आणि आपलं काम करत राहायचं, असा अभ्यास देतात. मेथी निवडण्यापेक्षा अवघड आहे.

श्यामलाकाकूंनाही सांगितलं. सांगायला घाबरत होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हात्तिच्या! म्हणजे मी दीड महिना फुकट देवाला साकडं घालत होते. आमचा पहिला झाला तेव्हा मी वाड्यातल्या विहिरीकडची वाट सोडली होती, लांबून वळसा घालून नळावरून पाणी आणायचे. कुणाला सांगितलं नाही हो. सांगणार कुणाला, सासूला?" मग डोळे पुसून म्हणाल्या, "आणि हे सगळं माकडांमुळे आहे असं तुमच्या आत्या म्हणतात? त्यांचं त्यांच्यापाशी."

सगळं बरं झालं असं समजू नकोस. परवा दिवसभर वाईट गेला. सुमेधला कुशीत घेतलं की अजून पाठीतून कळ जाते. त्या दोन आठवड्यांत त्याला काय वाटलं असेल, हे मनात आलं की हातातलं काम टाकून त्याच्याकडे जाते. तो मात्र काही धरून बसलेला नाही. मला बघितलं की दोन्ही हात वर करतो.

काल काकू मुलाबरोबर बारशाला गेल्या होत्या आणि सौरभ ऑफिसला. घरात आम्ही दोघंच. मी पाणी तापवलं. पाटावर बसले, पाय पसरले, सुमेधला पायांवर पालथं घेतलं आणि आंघोळ घालायला लागले. जन्मल्यापासून त्याला सासूबाईंनी नाहीतर काकूंनीच न्हाऊ घातलं होतं. तांब्या भरला आणि तो विचार आला. नाकातोंडात पाणी, निळी पडलेली नखं, सगळं चित्र. उठून दार उघडावं, जिन्यात कुणी असेल त्याला हाक मारावी, असं वाटलं. उठले नाही. त्या विचाराला मनातच म्हटलं, दिसलास, बस तिकडे. तो गेला नाही, आत्या, बसून राहिला. मी सुमेधच्या पाठीवर पाणी ओतलं. त्याला उताणा केला, मानेच्या वळ्यांतलं साचलेलं दूध धुतलं, कानामागे पुसलं. तो पाण्यावर थपथप हात मारत होता आणि मी चिंब झाले होते. मग त्याला गुंडाळून मांडीवर घेतला. तो तिथेच झोपला, आणि मी त्याला खाली ठेवला नाही.

तू ये. दिवाळीला ये, पुष्कळ दिवस राहायला ये. तुझी मागची खोली मात्र सांगाड्यालाच राहू दे. सुमेधला मी कुठे पाठवत नाही.

तुझी,
पूर्वा